एस्ते, एसे आणि लांबचा आकेल

कोरीट, ता. जि. नंदुरबार
४ नोव्हेंबर

मयूरी पोरी,

जेवली असशील तरच पुढे वाच. नसशील तर फोन पालथा ठेव आणि दोन घास खाऊन ये, मी कुठे पळून जात नाही.

तू म्हणशील, फोन असताना मोठी माय कागद का खराब करते. पण फोनवर तुझी आई लगेच स्पीकर लावते, तुझे पप्पा खाटेवरून ओरडतात, शेजारची रूपलीबाई ‘कोन शे, मयूरी का?’ करत ओट्यावर चढते, आणि नातीशी बोलायचं तर ग्रामसभा भरते. म्हणून लिहिते. चौथी शिकलेलं कधीतरी कामाला यायलाच हवं. पानाचा फोटो काढून पाठवायला तूच शिकवलंस, आता भोग.

तर मुद्दा. भाऊबीजेला तुझा आवाज रडून आल्यासारखा होता. तू म्हणालीस सर्दी. मी पाच लेकरं वाढवली, सर्दीचं नाक वेगळं आणि रडण्याचं वेगळं एवढं मला कळतं. दीड वर्ष झालं तू त्या समुद्रातल्या बेटावर, तेनेरिफेला, केळीच्या रोगांचा अभ्यास करतेस, आणि दर फोनला एकच, ‘सगळं छान आहे.’ छान असतं तेव्हा माणूस कुरकुर करतो गं. मीठ कमी होतं, चप्पल तुटली, असं काहीतरी सांगतो.

तू ज्या कांदेलारियाबाईच्या घरी भाड्याने राहतेस ती माझ्याच वयाची, तिचीही केळीची बाग, नवरा गेलेला. मी ठरवलं आहे. तू खरं सांगत नाहीस, तर मी तिची भाषा शिकणार आणि तिलाच विचारणार, पोरगी खाते का, पोरगी रडते का. तू फक्त धडे पाठव.

आणि एप्रिलात आखाजीच्या सणाला ये. तळोद्याकडचे लोक तुला बघायला येणार आहेत, तुझ्या पप्पांनी त्यांना शब्द दिलाय. त्याच्या आत मला कळायला हवं की माझी पोरगी बरी आहे.

म्हशीने काल तुझ्या आईच्या, रंजनाच्या, नव्या साडीवर पाय दिला, ते पुढच्या वेळी सांगते.

तुझी मोठी माय

*

तेनेरिफे
९ नोव्हेंबर

मोठी माय,

जेवले आहे. पण तुझं पत्र वाचून खाल्लेलं वर यायचं राहिलं. तू स्पॅनिश शिकणार? तू? नंदुरबारच्या बसस्टँडवर हिंदी बोलावं लागलं तर मला पुढे ढकलायचीस ती तू?

कांदेलारियाला सांगितलं तर तिने हातातला विळा खाली ठेवला आणि मला परत सांगायला लावलं. तिचा मुलगा येराय जिन्यातच बसून हसत सुटला. येराय म्हणाला, माझ्या आईला फोनचा आवाज वाढवता येत नाही आणि ही बाई सातासमुद्रापलीकडून आमची भाषा शिकणार! हसला खरा, पण हा पहिला धडा येरायनेच बसून आखून दिलाय.

आपल्याकडे हा आणि तो, दोनच. इथे तीन. माझ्या हातातलं केळं ते ‘एस्ते’. समोरच्याच्या हातातलं ‘एसे’. आणि दोघांपासून लांब, बांधापलीकडे झाडाला लटकलेलं ते ‘आकेल’. बाई असेल तर एस्ता, एसा, आकेया. आणि ज्या गोष्टीचं नाव माहीत नाही, किंवा सांगायचं नाही, ती एस्तो, एसो, आकेयो.

उच्चार. ह लिहितात, बोलत नाहीत. ज लिहिलेला दिसला की पुस्तकात ‘ख’ म्हणतात, पण या बेटावर मऊ ‘ह’. म्हणून मुलगा म्हणजे ‘इहो’. र मात्र घोळवायचा. येराय म्हणतो, दिवसातून वीसदा ‘पेर्रो’ म्हणायचं. पेर्रो म्हणजे कुत्रा. सोबत कांदेलारियाच्या आवाजात सगळं भरून पाठवतेय. मागे जो आईला ‘मामा, हळू!’ म्हणून ओरडतो तो येराय.

सर्दीच होती गं.

मयूरी

*

कोरीट
२६ नोव्हेंबर

मयूरी पोरी,

जेवलीस? बरं.

मी तर हादरूनच गेले आहे. केळं पुरुष आणि घर बाई! कांदेलारियाबाई ‘एस्ता कासा, एस्ता कासा’ करत होती तेव्हा मी रंजनाला म्हटलं, घर बाई असतं हे या लोकांना तरी कळलं. रंजना हसली, तुझे पप्पा नाही हसले.

त्यांचं ऐक. योगेंद्र जेवायला बसला होता. मी त्याच्याकडे बोट करून, जीभ नीट लावून म्हटलं, ‘एस्ते एस मि इहो.’ हा माझा मुलगा. त्याच्या हातातली भाकरी ताटात पडली. ‘माय, तुन्ही जीभ का अडकी ऱ्हायनी? तोंड वाकडं का करस?’ त्याला वाटलं मला लकवा मारला. अर्ध्या जेवणावरून उठून गाडीची चावी शोधायला लागला, नंदुरबारला दवाखान्यात न्यायचं म्हणून. मी जितकं सांगते बाबा मी भाषा बोलतेय, तितका तो घाबरतो. शेवटी रंजनाने कांदेलारियाबाईचा आवाज लावून ऐकवला. मग तो दुसऱ्यांदा घाबरला.

रूपलीबाई बाहेर सांगत फिरते की सुंदरबाई येडी व्हई गई. फिरू दे. फुलीबाई मात्र हुशार. आपल्या बागेत कामाला येते ती, धडगावच्या डोंगरातली. घरी त्यांची बोली वेगळी, आमच्याशी अहिराणी, दरवर्षी ऊसतोडीला गेली की गुजराती, अशा तीन भाषा तिच्या तोंडात आधीच होत्या. तिने पहिल्याच झटक्यात ‘पेर्रो’ असं म्हटलं की आपला खरा कुत्रा उठून बसला. माझी जीभ अजून तिथे पाय घसरून पडते.

एस्ते, एसे, आकेल आम्ही केळी काढतानाच पाठ केलं. माझ्याजवळची फणी एस्ते, फुलीबाईच्या टोपलीतली एसे, बांधावरचा घड आकेल. बागेत उभं राहून शिकलं की डोक्यात राहतं.

आणि तो ह! लिहायचा पण बोलायचा नाही. तुझ्या आईला हे दोनदा समजावलं तरी कळेना, मला लगेच कळलं. तुझ्या आजोबांचं तसंच होतं ना. रेशनच्या कार्डावर लिहिलेले, मतदानाच्या यादीत लिहिलेले, पण मी कधी नाव घेतलं नाही. लग्नात उखाणा घ्यायला बसवलं तर मी रडायलाच लागले, सासूबाई म्हणाल्या राहू द्या. रेशनवाला नाव विचारायचा तेव्हा पाच वर्षांची तू माझ्या पदराआडून ओरडून सांगायचीस. पानाला लावायचा तो पण त्यांच्या नावाच्या तोंडचा, म्हणून मी त्याला पांढरं म्हणते. तू पुण्याला कॉलेजात गेलीस तेव्हा टपरीवर पांढरं मागितलंस आणि सगळे हसले, आठवतं? सेहेचाळीस वर्षं ‘हे’ म्हणून काढली. जाऊन सहा वर्षं झाली, आता ‘ते’ म्हणते. तिकडच्या भाषेसारखा तिसरा शब्द मला कुणी दिला नव्हता.

बाकी, तुझ्या एका पानात येराय पाच वेळा आलाय. मी बोट लावून मोजलं. कोण हा?

मोठी माय

*

तेनेरिफे
१४ डिसेंबर

मोठी माय,

काय मोजत बसतेस! घरमालकिणीचा मुलगा, आणखी कोण. बाग तोच बघतो. येरायला सांगितलं की तू मोजलंस, तर म्हणतो पुढच्या पत्रात सहा वेळा लिही.

लकव्याचं वाचून कांदेलारिया इतकी हसली की डोळे पुसायला रुमाल लागला. तुझ्या उच्चारावर ती खूश आहे. फक्त एक शिक. ‘एस्ता’चा भार सुरुवातीला दिला तर ‘ही बाई’. भार शेवटी दिला, एस्ताऽ, तर ‘आहे’. तुला जे विचारायचंय ते असं: ‘मयूरी एस्ताऽ ब्येन?’ मयूरी बरी आहे ना? घे, मीच शिकवलं. तिचा नंबरही देते. विचार आणि शांत हो.

आखाजीला नक्की येते. तळोद्याचं तेव्हा बोलू.

मयूरी

*

कोरीट
२० जानेवारी

मयूरी पोरी,

एक महिना सहा दिवस. पत्र नाही, फोन दोन मिनिटांचे. जेवलीस का विचारायलाही मला जागा ठेवत नाहीस.

मी कांदेलारियाबाईला विचारलं. संक्रांतीला तिळगूळ झाला, मग खाटेवर बसून, घसा खाकरून, भार बरोबर शेवटी देऊन, ‘मयूरी एस्ताऽ ब्येन?’ पाठवलं. दहा मिनिटांत तिचं उत्तर आलं. आणि केवढं! आगगाडी निघाल्यासारखं. तीनदा ऐकलं. ‘ब्येन’ कळलं. ‘मयूरी’ चार वेळा कळलं. मध्ये ती हसते. मग हसता हसता नाक ओढते, म्हणजे रडते. मी घाबरले. मी परत पाठवलं, ‘एस्ताऽ ब्येन?’ तिने परत तेवढंच लांब पाठवलं आणि शेवटी पापा घेतल्याचा आवाज काढला. फुलीबाईला ऐकवलं. ती म्हणाली, ‘ही बाई खुश शे. लगीनघरनी बाई अशी रडस.’

मी म्हटलं, तुला काय कळतं.

इकडे मिरच्या वाळत घातल्यात, हात पेटलेत, लेखणी धरवत नाही तरी लिहिते. उत्तर दे.

मोठी माय

*

तेनेरिफे
२ फेब्रुवारी

मोठी माय,

माफ कर. काम खूप होतं. केळीवर नवा रोग दिसला, रोज नमुने, रोज अहवाल. मी छान आहे. कांदेलारिया तशीच आहे, थोड्यावर हसते, थोड्यावर रडते, तिचं मनावर घेऊ नकोस.

इथे थंडी नाही. काल कुणीतरी अंगणाची भिंत रंगवली, आता पांढरीशुभ्र दिसते. सकाळी उठायच्या आत चहा तयार असतो, आल्याचा, आपल्यासारखा, शिकवला की जमतो माणसाला. बागेत जायला सोबत असते. एकटी आहे असं वाटत नाही, म्हणून तू काळजी करू नकोस.

तुझा पुढचा धडा: एस्ते लिब्रो, हे माझं पुस्तक. एसे काफे, ती तुझ्याजवळची कॉफी. आकेल बार्को, ते लांबचं जहाज.

एक सांगायचं होतं. आखाजीला जमणार नाही. सुट्टी मिळत नाही. तळोद्याच्या लोकांना पप्पांनी इतक्यात बोलावू नये. तू सांगशील त्यांना?

मयूरी

*

कोरीट
१५ फेब्रुवारी

मयूरी पोरी,

आज मी तुला जेवलीस का विचारत नाही. आज मीच जेवले नाही.

तुझं पत्र मी अकरा वेळा वाचलं. आधीची दोन पत्रं फोनमध्ये शेजारी शेजारी लावली. पहिल्यात येराय पाच वेळा. दुसऱ्यात सांगून सवरून. या पत्रात एकदाही नाही.

भिंत कुणीतरी रंगवली. चहा तयार असतो, करतो कोण ते नाही. सोबत असते, कुणाची ते नाही. शिकवला की जमतो ‘माणसाला’. पोरी, मी सेहेचाळीस वर्षं असंच बोलले. ‘घरून निरोप आलाय.’ ‘शेतावरून यायचंय अजून.’ ‘इकडे आवडत नाही वांगं.’ ज्या माणसाचं नाव वाक्यात बसतं तो शेजारी, मजूर, दुकानदार. वाक्यभर ज्याच्या अवतीभवती फिरायचं आणि नावाला शिवायचं नाही, तो कोण असतो हे तू मला शिकवणार? सगळ्या दुनियेला फसव, पण या एका बाबतीत मला फसवायला बसलीस?

 सरळ विचारते, सरळ सांग. लग्न केलंस?

फुलीबाईची मी मनातल्या मनात माफी मागितली. अजून कुणाला बोलले नाही.

मोठी माय

*

तेनेरिफे
१७ फेब्रुवारी

मोठी माय,

पत्र वाचलं आणि प्रयोगशाळेच्या जमिनीवरच बसले. कुणी पाणी आणून दिलं ते आठवत नाही.

हो. ९ जानेवारीला. इथल्या नगरपालिकेत, अकरा मिनिटांत. कांदेलारिया आणि माझी एक मैत्रीण साक्षीला. मी तू दिलेली हिरवी काठपदराची साडी नेसले होते.

भाऊबीजेला त्याने विचारलं होतं. मी हो म्हणाले, आणि पाचव्या मिनिटाला तुमचा फोन आला, पप्पा ओरडून सांगत होते तळोद्याचं स्थळ किती चांगलं आहे. तेव्हा रडत होते मी. तू बरोबर ओळखलं होतंस.

मी ठरवून नाव गाळलं नाही गं. रीत म्हणून तर नाहीच. मी त्याला दिवसभर नावाने हाका मारते. पण तुला लिहायला बसले की त्या नावापाशी हात थांबायचा. एकदा लिहिलं असतं तर सगळंच लिहावं लागलं असतं.

पप्पा मला परत घरात घेतील का? तेवढंच सांग. खोटं सांगू नकोस, मी सांगितलं तसं.

मयूरी

*

कोरीट
८ मार्च

मयूरी पोरी,

जेवून घे. मग बस. लांब आहे.

पहिली गोष्ट, मी रागावले. दोन दिवस रागावले. अकरा मिनिटांत लग्न! आपल्याकडे हळद वाटायला त्याहून जास्त वेळ लागतो. हळद नाही, मांडव नाही, मी नाही. हे मी तुला तोंडावर ऐकवणार आहे, ते माझं बाकी ठेव.

तिसऱ्या दिवशी योगेंद्रला सांगितलं. तो ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. मी म्हटलं, तळोद्याच्या लोकांना नाही म्हणून कळव, तुझ्या मुलीचं लग्न झालंय, मुलगा केळीवाला आहे, नाव येराय. त्याने नळी गुंडाळायची थांबवली नाही. सगळी गुंडाळली, कोपऱ्यात ठेवली, मग एकच वाक्य बोलला. ‘त्यानं नाव मन्हा घरमा लेवानं नही.’

रंजना पदर तोंडाला लावून रडायला लागली. आणि मला, काय सांगू पोरी, हसू फुटलं. खरंच. त्या घरात हे वाक्य! मी म्हटलं, अरे, या घरात ज्याचं नाव घेत नव्हते तोच तर मालक होता. तू तर आल्याआल्या जावयाला तुझ्या बापाच्या जागेवर बसवलंस.

तो उठून बागेत गेला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवायला वाढलं की जेवायचा. तळोद्याला फोन मात्र त्याने केला, मी ऐकलं, ‘चूक आमची आहे’ असंच म्हणाला, तुझं काही वाईट बोलला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी कांदेलारियाबाईचा आवाज आला. आता ती माझ्यासाठी हळू बोलते, एकेक शब्द सुटा. मी तिला आपल्या घराचे फोटो पाठवले होते, त्यात भिंतीवरचा हार घातलेला फोटो होता. तिने विचारलं, तो कोण? आणि विचारलं, कोमो से यामाबा? काय नाव होतं?

बघ, किती साधं विचारलं. रेशनवाल्याने विचारलं होतं, मतदानाच्या बाईने विचारलं होतं, दर आखाजीला पितरांची घागर भरताना भटजी विचारतो, आणि दर वेळी मी कुणाकडे तरी बघते. आता बघायला तू नव्हतीस. योगेंद्र दारात पाठ करून बसला होता, तारेने नळीची भोकं साफ करत.

मी फोटोखाली उभी राहिले. बटण दाबलं. म्हटलं, ‘आकेल एस मि मारीदो.’ तो तिथला लांबचा, तो माझा नवरा. इथवर ठीक. मग पदर डोक्यावर ओढला. आणि मग म्हटलं, ‘से यामाबा चुनीलाल.’

घर तसंच उभं राहिलं. मला वाटलं होतं काहीतरी पडेल.

योगेंद्रच्या हातातली तार खाली पडली. वळला. तोंड असं, जणू मी परत लकव्याने वाकडी झाले. ‘माय, तू आबानं नाव लिधं?’

‘लिधं.’

‘कोनाले सांगं?’

‘विहीणले सांगं. तिने विचारलं.’

 मग त्याचे डोळे भरले, आणि मी पण कुठे दगडाची आहे. सेहेचाळीस आणि सहा, बावन्न वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते निघालं, आणि मला वाटलं तेच दारातून आत येऊन खाटेवर बसले. इतके जवळ की आकेल म्हणणंही खोटं झालं.

मी म्हटलं, ‘मी घेतलं, पोरा. आते तू जवाईनं ले.’

त्याने तार उचलली. एक भोक साफ केलं. दुसरं केलं. मग नळीकडे बघतच, अक्षरं मोजून म्हणाला, ‘येराय.’ आणि थोड्या वेळाने, ‘तो दोन झाडांत अंतर किती ठेवस, विचार.’

विचारून सांग. सहा फूट की पाच. हे उत्तर चुकवू नकोस, तुझ्या पप्पांचं त्यावर पुढचं बोलणं अडलंय. आणि तिकीट कधीचं ते त्यांनी रंजनाला विचारायला लावलंय, मला विचारायची अजून लाज वाटते त्यांना.

सुट्टीचं कारण आता माझ्यापुढे चालवू नकोस. आखाजी १९ एप्रिलला आहे. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, तू तर आता पक्की सासुरवाशीण. लिंबाला झोका बांधायला सांगितलाय. खापरावरचे मांडे मी करणार, रस रंजना काढणार. कांदेलारियाबाईला आण. मी तिला निरोप दिलाय पण तिने परत इतकं लांब उत्तर दिलं की येते म्हणाली की नाही कळलं नाही. घागर भरताना भटजीने नाव विचारलं तर या वेळी मी सांगणार आहे. येरायला म्हणावं, इथे जावई म्हणून नाव सोडून त्याला सगळे पावणा म्हणतील, रुसायचं नाही.

काल संध्याकाळी पान लावायला घेतलं. फुलीबाई ओट्यावर टेकली होती, डबी तिच्याजवळ. म्हणजे एसे. मी हात पुढे केला आणि म्हटलं, ‘फुलीबाई, चुना दे.’

ती डबी उचलायचीच विसरली.

तुझी मोठी माय
सुंदरबाई चुनीलाल पाटील